सात फुटी नावेंतील संसार

इंग्लंडांत सोअर नदीवरून कोळसा वाहणारी अरुंद नाव सुमारें ७० फूट लांब, पण रुंदीला जेमतेम ७ फूट असे. पुढील कित्येक कालव्यांचे पाणदरवाजेच तेवढे अरुंद होते. एकोणिसाव्या शतकांत रेल्वेनें वाहतुकीचे दर पाडले, तेव्हां पुष्कळ नावाड्यांनीं जमिनीवरचें घर सोडलें आणि बायकामुलांनाच बिनपगारी खलाशी केलें. सुमारें १० फुटांच्या खोलींत चूल, बिछाना, सारा संसार! मुलांनीं शिकावें कोठें? जॉर्ज स्मिथ यांच्या चळवळीमुळें १८७७ सालीं कायदा झाला. नावांची नोंदणी झाली, राहणारांच्या संख्येस मर्यादा पडली. पण शाळा नोंदणीच्या गांवीं, आणि नाव भलत्याच घाटावर! आम्हां मास्तरांना असल्या कायद्यांचें नवल वाटत नाहीं. पुढें १८८४ सालीं त्यांत दुरुस्ती करावी लागली.