सहा पलटणी आणि नागपूरचे प्राध्यापक

कन्हानकाठी, खाप्याच्या शिवारात कापसाची तीन वाणं आणि तीन खतं एकाच हंगामात पारखायची आहेत, असं समजा. रान सगळीकडे सारखं नसतं. एका अंगाला मुरमाड, दुसऱ्या अंगाला काळी कसदार माती. म्हणून तीन बाय तीन असे नऊ वाफे पाडायचे. अक्षर वाणाचं, आकडा खताचा: पहिल्या ओळीत अ१, ब२, क३; दुसरीत ब३, क१, अ२; तिसरीत क२, अ३, ब१. आडवं पाहा की उभं, कोणतंही वाण वा खत एका ओळीत दोनदा येत नाही आणि वाण-खताची प्रत्येक जोडी नेमकी एकदाच येते. आता मातीला दोष देऊन सुटका नाही.

चारला हे जमतं, पाचलाही जमतं. सहाला घोडं अडतं. लिओनार्ड ऑयलरने १७८२ साली हाच प्रश्न लष्करी वेशात मांडला होता: सहा पलटणी, सहा हुद्दे, छत्तीस अधिकारी. प्रत्येक आडव्या-उभ्या रांगेत प्रत्येक पलटणीचा आणि प्रत्येक हुद्द्याचा एकेकच माणूस हवा. अशी रचना होत नाही, असं त्याचं मत झालं. तो तेवढ्यावर थांबला नाही. १०, १४, १८ अशा, दोनने भाग जाणाऱ्या पण चारने न जाणाऱ्या कोणत्याच संख्येला ती जमणार नाही, अशी त्याची अटकळ होती. १९०१ मध्ये गास्ताँ तारीने सहाच्या साऱ्या शक्यता चिकाटीने तपासल्या आणि सहापुरता ऑयलर खरा ठरला. दहाचं कोडं मात्र तसंच राहिलं.

ते सोडवणाऱ्या तिघांपैकी एक नागपूरच्या सायन्स कॉलेजातले. शरदचंद्र शंकर श्रीखंडे यांचा जन्म १९१७ साली सागरला झाला. शिक्षण नागपूरला झालं आणि पुढे तिथेच त्यांनी अध्यापनही केलं. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये राजचंद्र बोस यांच्याशी त्यांची गाठ पडली. शेतीच्या प्रयोगांची आखणी कशी करावी, हा तिथला जिव्हाळ्याचा विषय. पुढे बोस अमेरिकेत चॅपल हिलला गेले आणि १९५० मध्ये श्रीखंडेंनी त्यांच्याच हाताखाली डॉक्टरेट मिळवली.

बोस-श्रीखंडे जोडीने आधी बावीसची रचना उभी केली. अर्नेस्ट पार्करने दहाची शोधून काढली. मग तिघांनी मिळून सिद्ध केलं की दोन आणि सहा सोडले तर ऑयलरची अटकळ सगळीकडे चूक आहे. एप्रिल १९५९ मध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या न्यूयॉर्कच्या अधिवेशनात हे जाहीर झालं आणि २६ एप्रिलला ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर बातमी झळकली. १७७ वर्षांची अटकळ कोसळली होती. तिघांना ‘ऑयलरचे स्पॉइलर’ असं नाव पडलं.

अधिवेशनात मांडलेलं सगळंच असं गाजत नाही. देवळालीच्या शाळेतले शिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत ६१७४ ची गंमत सांगितली. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करा आणि हेच करत राहा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. तिथून पुढे हलता येत नाही. जगभर त्यांचं नाव झालं ते १९७५ मध्ये, मार्टिन गार्डनरने ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिल्यावर. विद्यापीठाची खुर्ची नसलेल्या माणसाला पाव शतक थांबावं लागलं, यात नवल कसलं!

श्रीखंडे १९६३ मध्ये मुंबई विद्यापीठात आले आणि असल्या रचनांच्या गणिताला, म्हणजे विविक्त गणिताला, महाराष्ट्रात घर मिळालं. गणिताचं प्रगत अध्ययन केंद्र त्यांनी तिथे उभारलं. नवीन सिंघी यांच्यासारखे विद्यार्थी याच मुशीतून निघाले. श्रीखंडेंच्या पासष्टीनिमित्त डिसेंबर १९८२ मध्ये चार दिवसांचं चर्चासत्र भरलं, आणि १९८४ मध्ये त्यातले निबंध कोलकात्याच्या त्याच इन्स्टिट्यूटने छापले. संपादकांच्या जोडीत सिंघी होते.