दोरी, मेण आणि इतिहास : आडव्या धनुष्याच्या डागडुजीविषयी

शस्त्रांचा इतिहास बहुधा दोनच प्रकारे लिहिला जातो. एक तर लढायांचा, नाहीतर बंदीहुकुमांचा. क्रॉसबो, म्हणजे कुंद्यावर आडवे बसवलेले चापाचे धनुष्य, याला अपवाद नाही. ११३९च्या दुसऱ्या लॅटेरन परिषदेने ख्रिस्ती माणसांविरुद्ध त्याचा वापर निषिद्ध ठरवला. ११९९मध्ये शालूच्या वेढ्यात रिचर्ड पहिला त्याच्याच बाणाने जखमी होऊन मरण पावला. या नोंदी कोणत्याही ग्रंथात सापडतात. परंतु शस्त्र दोन लढायांच्या मधल्या काळात कसे जगते, त्याची निगा कोण राखते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. या प्रश्नाच्या अंगाने पाहिले तर इतिहासाच्या काही पानांचा अर्थ बदलतो, असे आम्हांला वाटते.

२६ ऑगस्ट १३४६ची क्रेसीची लढाई घ्या. फ्रेंचांच्या बाजूने जिनोआचे भाडोत्री क्रॉसबोधारी लढत होते. लढाईआधी पाऊस पडला. जाँ द व्हनेत या समकालीन इतिवृत्तकाराच्या सांगण्यानुसार त्यांच्या दोऱ्या भिजून आखडल्या आणि निकामी झाल्या. इंग्रज तिरंदाजांनी मात्र आपल्या दोऱ्या उतरवून शिरस्त्राणाखाली ठेवल्या होत्या. साध्या धनुष्याची प्रत्यंचा हाताने उतरवता येते. क्रॉसबोचे बाहू इतके ताठ असतात, की त्याची दोरी चढवायला वा उतरवायला दुसरी जादा दोरी आणि ताण देणारे साधन लागते. भर मैदानात ते जमणारे नव्हते. अर्थात पराभवाचे हे एकमेव कारण नव्हे. त्यांच्या मोठ्या ढाली मागे सामानाच्या गाड्यांत राहिल्या होत्या, हेही तितकेच महत्त्वाचे. तरीही एका लढाईच्या कथनात दोरीच्या निगराणीला असे मध्यवर्ती स्थान मिळावे, ही गोष्ट लक्षणीय आहे.

द्रव्य बदलले तशी निगाही बदलली. लाकूड, शिंग आणि स्नायुतंतू सरसाने जोडून केलेल्या बाहूंचा शत्रू ओलावा. पंधराव्या शतकात रूढ झालेल्या पोलादी बाहूंचा शत्रू गंज आणि थंडी. सम्राट मॅक्सिमिलियन पहिला याने शिकारीविषयीच्या आपल्या टिपणांत हिवाळ्यात शिंगाचे धनुष्य वापरावे असे सुचवले आहे, कारण गारठ्यात पोलाद तडकते. नवे द्रव्य आले म्हणून जुने लगेच टाकाऊ ठरत नाही, याची ही समकालीन साक्ष आहे.

या शस्त्राचा खरा अभ्यास कोणी केला असेल, तर तो सर राल्फ पेन-गॉलवे या इंग्रज शिकारी-लेखकाने. १९०३मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द क्रॉसबो’ या ग्रंथात त्यांनी दोरी कशी वळावी, चाप कसा बसवावा येथपर्यंतचे तपशील दिले. सुमारे १२०० पौंड ताणाच्या एका जुन्या पोलादी क्रॉसबोने त्यांनी वेल्समधील मेनाई सामुद्रधुनीच्या या काठावरून त्या काठावर, चारशे मीटरच्या आसपास, बाण सोडून दाखवले. आज कोणतेही संग्रहालय असा प्रयोग करू देणार नाही. शतकानुशतके पडून राहिलेल्या पोलादात कुठे सूक्ष्म चीर आहे हे डोळ्यांना दिसत नाही, आणि एकदा तुटलेला बाहू पुन्हा मूळचा होत नाही. तरीही त्या धाडसातून मिळालेले ज्ञान आपण आजवर वापरतो. जतन आणि ज्ञान यांतला हा पेच खरा आहे.

आधुनिक कंपाउंड क्रॉसबोने या पेचाला वेगळे वळण दिले. मिसूरीच्या हॉलेस विल्बर ॲलन यांनी १९६६मध्ये अर्ज केलेले कंपाउंड धनुष्याचे पेटंट १९६९मध्ये मंजूर झाले. बाहूंच्या टोकांवरच्या विकेंद्री चाकांमुळे पूर्ण ताणाच्या क्षणी हातावरचा भार कमी होतो. पुढे हेच तत्त्व क्रॉसबोत आले. असे शस्त्र जुन्या बाजारातून घेणारा पहिल्यांदा बाहूंवरून कापसाचा बोळा फिरवतो. चीर असेल तिथे तंतू अडकतात. दोरीला नियमित मेण, मार्गपट्टीला बेताचे वंगण, पिसलेली दोरी आणि केबल वेळीच बदलणे, आणि बाण न लावता चाप कधीही न ओढणे, हे त्याचे नियम. बाणाविना सुटलेली सारी ऊर्जा बाहूंवरच उलटते. दोरी बदलायला बाहू दाबून धरणारे खास यंत्र लागते. जिनोआच्या सैनिकाची अडचण सहाशे वर्षांनंतरही संपलेली नाही.

पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांना यात काही ओळखीचे वाटेल. हस्तलिखितातला गळलेला शब्द भरताना संपादक जसा आपली भर वेगळी दाखवतो, तसाच प्रामाणिक कारागीर नवी दोरी नवी म्हणूनच बसवतो. ती जुनी भासावी असा खटाटोप करत नाही. दोरी झिजण्यासाठीच असते, ती बदलल्याने शस्त्र खोटे ठरत नाही. बाहू आणि कुंदा यांच्यावरच्या खुणा मात्र पुरावा असतात. घासून लखलखीत केलेल्या पोलादावरून गंजाबरोबर लोहाराची मुद्राही जाते, आणि मग ते कोणाच्या हातचे हे सांगणारा दुसरा साक्षीदार उरेलच असे नाही. काय बदलावे आणि कशाला हात लावू नये, हा विवेक ज्याला साधला, त्याने इतिहासाचा एक दस्तऐवज वाचवला असे आम्ही मानतो.