गाणे कुठून येते? : रचनाकारांच्या प्रेमपटांच्या अभ्यासाला प्रस्तावना

१८१८ हे वर्ष खानदेशच्या इतिहासात ठळकपणे नोंदलेले आहे. त्या वर्षी असीरगडाच्या परिसरात दुसरा बाजीराव जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला आणि पेशवाई संपली. त्याच वर्षी खानदेशावर कंपनी सरकारचा अंमल आला. आजचा नंदुरबार जिल्हा तेव्हा या खानदेशातच होता. इकडे हे घडत असताना व्हिएन्नाचा एकवीस वर्षांचा संगीतकार फ्रान्झ शूबर्ट एस्तरहाझी या सरदार घराण्यातल्या मुलींना संगीत शिकवायला त्यांच्या झेलिझ येथील वाड्यात राहायला गेला. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पुढे मात्र चित्रपटाने दोन्ही काळांतून एकाच जातीची गोष्ट उचलली. विली फोर्स्टने १९३३ मध्ये शूबर्टच्या असफल प्रेमावर चित्रपट काढला आणि १९५१ मध्ये व्ही. शांताराम यांनी पेशवाईच्या अखेरच्या पर्वातला शाहीर होनाजी ‘अमर भूपाळी’तून पडद्यावर आणला.

जुना काळ, गाणी रचणारा एक मनस्वी पुरुष, त्याच्या आयुष्यात आलेली स्त्री, हाती न लागलेले सुख आणि त्या सगळ्यातून जन्मलेले एक अजरामर गाणे, अशी या चित्रपटांची घडण असते. त्यांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या नव्या वाचकासाठी ही प्रस्तावना आहे. नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर, धडगाव किंवा अक्कलकुवा इथे मराठी, इतिहास वा संगीत शिकणारे विद्यार्थी माझ्या मनात विशेष आहेत. हा विषय पुण्या-मुंबईचा आहे, असे त्यांनी समजू नये. मला वाटते, त्यांच्याजवळ या अभ्यासाला लागणारी एक गोष्ट आहे आणि ती शहरातल्या अभ्यासकाला सहजी मिळत नाही. तिच्याकडे मी पुढे येणारच आहे.

आधी होनाजीविषयी. होनाजी शिलारखाने हा पुण्याचा गवळी. घरात शाहिरी पूर्वीपासून चालत आलेली. बाळा करंजकर हा त्याचा गाणारा जोडीदार. कवने रचावीत होनाजीने आणि फडावर ती रंगवावीत बाळाने, अशी ही जोडी होती. म्हणून त्या रचनांच्या शेवटी ‘होनाजी बाळा’ अशी दोघांची मिळून मुद्रा येते. दुसऱ्या बाजीरावाचा त्यांना आश्रय होता. लावणीला रागदारीच्या चालींत बसवण्याचे श्रेयही परंपरा होनाजीलाच देते. तो काळ शाहिरांनी गजबजलेला होता. सोलापूरचा राम जोशी ब्राह्मण, संगमनेरचा अनंत फंदी, शिंपीकाम करणारा परशराम, जेजुरीचा मुसलमान शिकलगार सगनभाऊ. जातीजातींतून आलेल्या या माणसांनी एकाच ढोलकी-तुणतुण्यावर मराठी शृंगार, वीररस आणि वैराग्य बांधले.

‘अमर भूपाळी’ या सगळ्यातून काय निवडतो, ते पाहावे. होनाजीच्या नावावर शृंगारिक लावण्यांचे मोठे भांडार आहे. चित्रपटाच्या शीर्षकात मात्र लावणी येत नाही, त्याच्या नावे सांगितली जाणारी कृष्णाची भूपाळी येते. वसंत देसाईंच्या संगीतात लता मंगेशकर आणि पंडितराव नागरकर यांनी गायलेली ही भूपाळी पुढे घरोघरी पहाटेचे गाणे झाली. होनाजीची भूमिकाही नागरकरांचीच होती, आणि तमासगीर गुणवतीच्या भूमिकेतून संध्या पहिल्यांदा पडद्यावर आल्या. शाहीर आणि नर्तकी यांच्यातली ओढ हा कथेचा प्राण आहे. परंतु कथेचा कळस भूपाळीत आहे. प्रेमाची ऊब शेवटी प्रार्थनेच्या कामी येते.

माझ्या मते या सबंध चित्रपटप्रकाराचे मर्म इथे आहे. कलावंताची वासना, त्याचा फड, दारू, नाचगाणे, खालच्या मानलेल्या वस्तीतला वावर हे सगळे सभ्य प्रेक्षकाला हवेही असते आणि खुपतही असते. त्याचे प्रेम सफल झाले, तर तो त्या वस्तीचाच होऊन जाईल. ते अपुरे राहिले, तर तो दुःखाने शुद्ध होऊन आपल्या देवघरात येऊ शकतो. अपुरे प्रेम हा कलावंताला प्रतिष्ठा मिळवून देण्याचा मार्ग ठरतो. चित्रपट निघाला तो काळ आठवला की याचे महत्त्व कळते. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत तमाशा अश्लील म्हणून सरकारी निर्बंधांत सापडला होता. अशा वेळी शाहिराला भूपाळीचा कर्ता म्हणून उभे करणे हे त्याच्या बाजूने घेतलेले मोठे वकीलपत्र होते. ते प्रभावी ठरले, याचा मला आनंद आहे. त्या वकीलपत्रात लावणी थोडी मागे सरली, हेही अभ्यासकाने पाहिले पाहिजे.

शांतारामांच्याच राजकमल कलामंदिराने १९४७ मध्ये ‘लोकशाहीर राम जोशी’ काढला होता. ग. दि. माडगूळकरांची कथा, जयराम शिलेदारांचा राम जोशी आणि हंसा वाडकरांची बया. तिथे शास्त्र शिकलेला ब्राह्मण तमाशाच्या नादाने जातीबाहेर पडतो आणि बयेच्या संगतीत त्याची कला फुलते. हे दोन्ही चित्रपट शेजारी ठेवून पाहावेत. एकात शाहीर घरातून फडाकडे जातो, दुसऱ्यात फडातून देवाकडे. अवघ्या चार वर्षांत एकाच संस्थेने एकाच प्रश्नाला दोन वेगळी वळणे दिली.

आता शूबर्टकडे वळू. फोर्स्टच्या चित्रपटाची इंग्रजी आवृत्ती ‘अनफिनिश्ड सिंफनी’ या नावाने १९३४ मध्ये आली. उमराव घराण्यातली शिष्या आणि गरीब संगीतकार यांचे प्रेम तुटते, म्हणून त्याची सिंफनी अपुरी राहते, असे तो चित्रपट सांगतो. इतिहास असे सांगत नाही. बी मायनरमधली ही सिंफनी शूबर्टने १८२२ मध्ये लिहायला घेतली. तिचे दोन भाग पूर्ण झाले आणि तिसऱ्याचा आराखडा राहिला. त्यानंतर तो सहा वर्षे जगला आणि सी मेजरमधली भव्य सिंफनी त्याने याच वर्षांत पूर्ण केली. तेरेझ ग्रोब ही गायिका त्याला आवडत होती, पण त्याच्या तुटपुंज्या मिळकतीमुळे लग्न जमले नाही. कॅरोलिन एस्तरहाझीला त्याने १८२८ मध्ये चार हातांनी वाजवायची एफ मायनरमधली फॅन्टसी अर्पण केली आणि त्याच वर्षी, ३१ व्या वर्षी, तो गेला. प्रेम होते, दुःखही होते. पण त्याच्यासमोर कागद, पियानो, मित्रांच्या बैठका आणि रोज सकाळी लिहायला बसण्याची शिस्तही होती. चित्रपटाला कारण एकच हवे असते, तर गाण्यामागे नेहमी अनेक कारणे असतात.

होनाजीला हेच लावून पाहिले तर काय दिसते? त्याच्या आयुष्यातले ज्याचा लेखी पुरावा रचनांच्या शेवटी सापडतो, असे नाते एकच आहे आणि ते बाळाशी आहे. दोन मित्रांनी एक मुद्रा वाटून घ्यावी, याहून मोठी गोष्ट शाहिरी वाङ्मयात क्वचितच सापडेल. प्रेमपटाच्या साच्यात एकटा नायक हवा असल्यामुळे ही भागीदारी दुय्यम होते. पदराआड लपलेल्या प्रेयसीच्या शोधात आपण शेजारी बसलेला गायक विसरतो.

स्त्रीचे काय? बया, गुणवती, कॅरोलिन या तिघीही चित्रपटात गाण्याला निमित्त पुरवतात. गाणे घडवताना त्यांनी स्वतः काय केले, कोणती चाल सुचवली, कोणता शब्द नाकारला, हे आपल्याला कुणी सांगत नाही. होनाजीच्या काळी तमाशाच्या फडावर स्त्रीवेश बहुधा नाच्या पोऱ्या घेत असे. फडावरची पहिली स्त्री म्हणून परंपरा पवळेचे नाव घेते आणि ती पठ्ठे बापूरावांच्या (१८६६–१९४५) बरोबरीची, म्हणजे बरीच नंतरची. म्हणून चित्रपटातली तमासगीर नायिका ही इतिहासाइतकीच विसाव्या शतकाच्या कल्पनेतूनही आलेली आहे. बयेची भूमिका करणाऱ्या हंसा वाडकरांनी १९७० मध्ये ‘सांगत्ये ऐका’ हे आत्मकथन दिले, तेव्हा पडद्यावरच्या नायिकेच्या मागची बाई पहिल्यांदा स्वतः बोलली. श्याम बेनेगल यांनी त्यावरून १९७७ मध्ये ‘भूमिका’ काढला. ‘राम जोशी’ पाहणाऱ्याने हे पुस्तक वाचलेच पाहिजे.

इथे मला शहादा परिसरातले भिल्ल कवी वाहरू सोनवणे आठवतात. आमचे दुःख दुसरेच कुणीतरी व्यासपीठावरून आम्हाला सांगत राहते आणि आम्हाला तिथे बोलावणे येत नाही, ही वेदना त्यांच्या ‘स्टेज’ या कवितेत आहे. ती कविता आदिवासींच्या चळवळीतून आली. तरी तिने विचारलेला प्रश्न या चित्रपटांना तंतोतंत लागू पडतो. कुणाचे दुःख, कुणाच्या तोंडून आणि कुणाच्या सोयीने सांगितले जाते? नंदुरबारच्या कवीने दिलेली ही कसोटी घेऊन आपण झेलिझच्या वाड्यातही खुशाल जावे.

सुरुवातीला ज्या गोष्टीचा उल्लेख केला, ती आता सांगतो. सातपुड्यातल्या वाचकाभोवती आजही अशी गाणी जिवंत आहेत, ज्यांना रचनाकाराचे नाव नाही. काठी गावच्या राजवाडी होळीत ढोल घुमतात, मोरपिसांचे टोप आणि कमरेला घुंगरू बांधलेले बावा-बुध्या नाचतात, रात्रभर गाणी चालतात. ती कुणी केली, कुणाच्या विरहातून केली, असे तिथे कुणी विचारत नाही. गाणे सगळ्यांचे असते आणि गाणारा दरवर्षी त्यात थोडी भर घालतो. लग्नातली पावरी, भिली, मावची गाणी अशीच आहेत. गाणे कुठून येते, या प्रश्नाला खानदेशाने दुसरेही उत्तर दिले आहे. ‘अमर भूपाळी’ ज्या वर्षी आला त्याच वर्षी, डिसेंबर १९५१ मध्ये, बहिणाबाई चौधरी निवर्तल्या. लिहिता न येणाऱ्या या शेतकरी बाईने जात्यावर आणि शेतात ओव्या रचल्या. मुलगा सोपानदेव आणि घरच्यांनी टिपून ठेवलेल्या त्या ओव्या १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने आल्या. वैधव्य, कष्ट, माती आणि माहेर यांतून आलेल्या त्या गाण्याला असफल प्रेमकथेचा आधार लागला नाही.

गाणे एकट्याच्या भग्न हृदयातून येते, ही समजूत जगभर रूढ आहे. ज्याने होळीतले गाणे ऐकले आहे आणि बहिणाबाई वाचली आहे, त्याला ती समजूत अनेकांपैकी एक म्हणून दिसते. तो तिच्याकडे थोडे लांबून, तरीही प्रेमाने पाहू शकतो. या अभ्यासाला अशी नजर हवी.

कामाला कसे लागावे? चित्रपट पहिल्यांदा पूर्ण पाहावा, रडू आले तर रडावे. दुसऱ्यांदा डोळे मिटून नुसता ऐकावा. ‘अमर भूपाळी’ १९५२ च्या कान महोत्सवात स्पर्धेत होता आणि तिथे त्याच्या ध्वनिमुद्रणाचा गौरव झाला. म्हणून हा चित्रपट कानांनी वाचण्याचा आहे. भूप हा राग शास्त्राने रात्रीच्या पहिल्या प्रहराला दिलेला आहे. त्याच पाच स्वरांचा देसकार सकाळचा. पहाटेच्या भूपाळीने यातली कोणती वाट कुठे धरली, ते पेटीवर बोट ठेवून शोधावे. तिसऱ्यांदा पाहताना प्रत्येक गाण्यापुढे लिहावे, की ते कुणासाठी गायले जाते, कोण ऐकते, कोण गप्प राहते. मग शाहिरांच्या छापील रचना काढाव्यात आणि चित्रपटाने कोणत्या घेतल्या, कोणत्या सोडल्या, ते ताडून पाहावे.

एवढे झाल्यावर आपल्या गावातल्या एका गाणाऱ्या बाईकडे किंवा सोंगाड्या पार्टीतल्या जुन्या कलावंताकडे जावे आणि त्यांच्या परवानगीने विचारावे, की हे गाणे तुमच्याकडे कुठून आले. मिळालेले उत्तर त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच शब्दांत, त्यांना मान्य असेल तर त्यांच्या नावासह लिहून ठेवावे. मग होनाजी आणि शूबर्ट यांच्या चित्रपटांनी दिलेली उत्तरे त्याच्याशी ताडून पाहावीत. असा ताळा सातपुड्यातल्या विद्यार्थ्याने केला, तर प्रेमपटांच्या अभ्यासात अजून न उमटलेले एक प्रकरण त्याच्या हातून लिहिले जाईल. या क्षेत्रात त्याचे मनापासून स्वागत आहे.