जाम झालेला कॅलिपर आणि बोरघाटाचा उतार

लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर आहे, तर घाटाच्या पायथ्याचे खोपोली जेमतेम ६० मीटरवर. मधले साडेपाचशे मीटर उतरताना चार माणसांनी भरलेल्या, बाराशे किलो वजनाच्या मोटारीला सुमारे साडेसहा मेगाज्यूल ऊर्जा कोठे तरी टाकून द्यावी लागते. साधे वीस-बावीस लिटर पाणी उकळीला आणण्यास लागते तेवढी ही उष्णता आहे. तिचा काही भाग हवेच्या विरोधात आणि इंजिनाच्या ओढीत खर्च होतो. उरलेला सारा भार ब्रेकच्या डिस्क व पॅड यांच्यावर पडतो. घाट उतरून खालापूरच्या टोलनाक्याशी येणाऱ्या गाड्यांच्या रांगेत नाकाला झोंबणारा जळका वास येतो, तो याच उष्णतेचा.

ब्रेकची चिंता या घाटाला नवी नाही. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली तेव्हा सदतीस फुटांना एक फूट एवढा तीव्र चढ तिच्या वाट्याला आला. उताराला धरून ठेवता न आलेली गाडी चढाच्या रुळावर वळवून थांबवणारी ‘कॅच सायडिंग’ त्यासाठी बांधली गेली. रेल्वेला ही सोय मिळाली. मोटारीला मात्र स्वतःच्या चार चाकांवरच विसंबावे लागते आणि त्यांतील एखाद्या चाकाचा कॅलिपर आधीच जाम झालेला असेल, तर त्या चाकाचा ब्रेक घाट सुरू होण्यापूर्वीपासूनच तापू लागलेला असतो.

कॅलिपर जाम झाला की बहुतेक गॅरेजमध्ये संपूर्ण कॅलिपर बदलण्याचा सल्ला मिळतो. अनेकदा त्याची गरज नसते. बिघाड बहुधा एका रबरी सीलचा, एका फाटलेल्या बुटाचा किंवा दोन सुकलेल्या पिनांचा असतो. या वस्तूंचे किट नव्या कॅलिपरच्या तुलनेत फारच स्वस्त मिळते. हे काम घरी करता येते. मात्र ते कोणत्या टप्प्यावर सोडून द्यावे हे ज्याला कळते, त्यानेच ते हाती घ्यावे.

कॅलिपर सुटतो कसा?

डिस्क ब्रेकची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये तिचे पेटंट घेतले, पण तिची खरी कीर्ती १९५३ च्या ल मां शर्यतीत जॅग्वारच्या विजयाने झाली. आपल्याकडे अँबॅसेडर आणि फियाटच्या काळात चारही चाकांना ड्रम असत. मारुतीच्या पिढीपासून पुढच्या चाकांत डिस्क रुळली.

पायाखालचे पेडल दाबले की ब्रेक ऑइलच्या दाबाने कॅलिपरमधील पिस्टन पुढे सरकतो आणि पॅड फिरत्या डिस्कवर आवळतो. छोट्या गाड्यांत पिस्टन एकाच बाजूला असतो. त्याच्या प्रतिक्रियेने संपूर्ण कॅलिपर दोन पिनांवर मागे सरकतो आणि पलीकडचा पॅडही डिस्कला भिडवतो. पेडल सोडल्यावर पिस्टन मागे घेणारी स्प्रिंग या रचनेत नसते. कॅलिपरच्या आतील खाचेत चौकोनी छेदाचे एक रबरी सील बसवलेले असते. पिस्टन पुढे जाताना ते त्याच्यासोबत किंचित पिळले जाते आणि दाब सुटताच मूळ आकारात परतताना पिस्टनला मिलिमीटरच्या अंशाएवढे मागे ओढते. चाक मोकळे होते ते एवढ्याशा ओढीने. खाचेत गंज साचला की तो सीलला आतून ढकलून पिस्टनवर घट्ट दाबतो. मग सीलची ही मरगळलेली ओढ पिस्टनला हलवू शकत नाही.

गंजाला वाट मिळते ती पिस्टनच्या तोंडावरील धूळरोधक बूट फाटल्यावर. दुसरी वाट आतून असते. ज्याला आपण सरसकट ब्रेक ऑइल म्हणतो ते तेल नसून ग्लायकॉलवर आधारलेला द्रव आहे आणि तो हवेतील ओलावा शोषत राहतो. नव्या ‘डॉट ३’ द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, ३.७ टक्के पाणी शोषल्यावर हीच किमान मर्यादा १४० अंशांवर येते. ‘डॉट ४’ साठी हे आकडे २३० आणि १५५ असे आहेत. घाटात तापलेल्या कॅलिपरमध्ये असा जुना द्रव उकळला की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. परिणामी पेडल जमिनीपर्यंत जाते आणि गाडी थांबत नाही.

खोपोली, कर्जत, खालापूर या पट्ट्यात पाऊस चार महिने कोसळतो. येथील बंगल्यांवर आणि फार्महाउसवर शहरातून येऊन शनिवार-रविवारी वापरण्यासाठी ठेवलेल्या गाड्या या आजाराला लवकर बळी पडतात. रोज धावणाऱ्या गाडीचा पिस्टन हलता राहतो. उभ्या गाडीचा पिस्टन त्याच जागी महिनोन्‌महिने बसून राहतो आणि त्याच्या कडेला गंजाचे कडे तयार होते.

आधी निदान

ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढली जाणे, एकाच चाकाच्या रिमवर काळी भुकटी अधिक साचणे, किंचित उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी न सरकणे ही नेहमीची लक्षणे आहेत. पाच-सात किलोमीटर जाऊन आल्यावर रिमजवळ तळहात धरला तर फरक जाणवतो. डिस्कला मात्र हात लावू नये. पॅड काढून पाहिले तर बरेच कळते. आतला पॅड झिजलेला आणि बाहेरचा जवळजवळ नवा असेल, तर बहुधा पिना अडकल्या आहेत, पिस्टन नव्हे. पिना काढून, पुसून, योग्य ग्रीस लावले की काम संपते.

एक तपासणी अनेक जण वगळतात आणि नंतर पश्चात्ताप करतात. चाक उचलून ब्रेक दाबावा, सोडावा आणि चाक हाताने फिरवून पाहावे. ते अडकत असेल तर कॅलिपरवरील निपल अर्धा फेरा सैल करावे. द्रवाची चिळकांडी उडून चाक मोकळे झाले, तर दाब मागेच कोंडला जात आहे. एकाच चाकाला हा त्रास असेल तर दोष बहुधा रबरी होज पाइपचा असतो. तो आतून फुगून झडपेसारखा वागू लागतो आणि बाहेरून अगदी धडधाकट दिसतो. दोन्ही चाकांना त्रास असेल तर मास्टर सिलिंडरकडे पाहावे. निपल सैल करूनही चाक मोकळे झाले नाही, तर कॅलिपर खोलणे सार्थ आहे.

खोलताना

सुरुवातीलाच दोन अपवाद सांगणे भाग आहे. मागच्या चाकातील ज्या कॅलिपरमध्ये हँडब्रेकची यंत्रणाही आहे, तो घरी खोलू नये. विजेवर चालणारा पार्किंग ब्रेक असलेल्या गाड्यांनाही हेच लागू पडते. एबीएस असलेल्या गाडीत टाकीतील द्रव पूर्ण संपू दिला तर हवा अशा जागी अडकते, की ती काढण्यास गॅरेजमधील संगणक लागतो.

गाडी सपाट, कठीण जमिनीवर असावी. इतर चाकांखाली लाकडी ठोकळे द्यावेत, नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करावेत आणि गाडी जॅकवर नव्हे, तर स्टँडवर विसावलेली असावी. एका वेळी एकच बाजू खोलावी. दुसरी बाजू नमुन्यासाठी डोळ्यांसमोर राहते. पॅडची भुकटी तोंडाने किंवा हवेच्या पंपाने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. जुन्या पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो.

पिस्टन बाहेर काढण्यासाठी गॅरेजमध्ये हवेचा दाब वापरतात. घरी ते करू नये; पिस्टन गोळीसारखा सुटतो आणि बोटे चिरडतात. होज जोडलेलाच ठेवून, पॅड काढून, पिस्टनसमोर लाकडी पट्टी धरावी आणि दुसऱ्या व्यक्तीने पेडल हळूहळू दाबावे. पेडलचा दाब शांत असतो आणि हवेपेक्षा कितीतरी जोरकसही. एवढ्यानेही पिस्टन हलला नाही, तर तो कॅलिपर भंगारात द्यावा. पिस्टन निघाल्यावर होज सोडवताना पेडल थोडे दाबून काठीच्या आधाराने तसेच ठेवावे, म्हणजे टाकीतील द्रव गळत राहत नाही. होज आवळण्यासाठी पक्कड वापरू नये.

जुने सील प्लास्टिकच्या किंवा लाकडी काडीने काढावे. पेचकसाचा एक ओरखडा खाचेत उमटला तर नवे सीलही गळते. मग सफाई. येथे आपल्याकडील एक जुनी खोड कामाचा घात करते, ती म्हणजे रॉकेलने धुणे. रॉकेल, पेट्रोल, डिझेल किंवा साधे ग्रीस यांच्या स्पर्शाने ब्रेकमधील रबर फुगते आणि काही आठवड्यांत कॅलिपर पुन्हा जाम होतो. सफाई ब्रेक क्लीनरने, मिथिलेटेड स्पिरिटने किंवा नव्या ब्रेक ऑइलनेच करावी.

ड्रम ब्रेकची सवय असलेले कारागीर सिलिंडरच्या आतील भिंत घासून चकचकीत करण्यात वेळ घालवतात. ड्रममध्ये रबर पिस्टनबरोबर भिंतीवर घासत फिरते, म्हणून तेथे भिंत महत्त्वाची. कॅलिपरमध्ये सील जागेवर स्थिर असते आणि पिस्टनचा पृष्ठभाग त्याच्यावरून सरकतो. म्हणून येथे दोन गोष्टींना महत्त्व आहे : सीलची खाच पूर्ण स्वच्छ असणे आणि पिस्टन निष्कलंक असणे. भिंतीवरचे किरकोळ डाग चालतात. पिस्टनच्या क्रोमवर सील जेथे फिरते तेथे नखाला जाणवेल असा खड्डा असेल तर पिस्टन बदलावा. पॉलिश पेपरने क्रोम घासले की आतील लोखंड उघडे पडते आणि गंज दुप्पट वेगाने येतो.

नवे सील ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून बोटांनीच खाचेत बसवावे आणि कोठे पीळ पडला नाही ना, हे बोट फिरवून पाहावे. पिस्टन अंगठ्यांच्या दाबाने सरळ आत जायला हवा. तो तिरका होऊन अडला तर काढून पुन्हा बसवावा, हातोडी मारू नये. पिनांना सिलिकॉनचे ग्रीस लावावे. दोनपैकी एका पिनेवर रबरी बुश असेल, तर ती कोणत्या जागी होती हे आधीच लिहून ठेवावे. होजच्या बोल्टचे तांब्याचे वॉशर नवेच घालावेत आणि बोल्ट कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या जोराने आवळावेत.

हवा काढणे

दोन माणसांचे हे काम आहे. निपलला पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक ब्रेक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवावे. आतील व्यक्तीने पेडल दाबून धरावे, बाहेरच्याने निपल उघडून बंद करावे आणि त्यानंतरच पेडल सोडावे. बुडबुडे थांबेपर्यंत हे चालू ठेवावे आणि टाकीतील पातळीकडे सतत लक्ष असावे. निपल नेहमी कॅलिपरच्या वरच्या बाजूस आले पाहिजे. दोन्ही कॅलिपर एकदम काढणाऱ्यांकडून डावा उजवीकडे लागतो, निपल खाली येते आणि कितीही खटाटोप केला तरी वर अडकलेली हवा निघत नाही. जुन्या गाडीतील गंजलेले निपल तुटते, तेव्हा हट्ट सोडून कॅलिपर लेथवाल्याकडे न्यावा. काढलेला द्रव गटारात ओतू नये. तो रंग खातो, आणि खोपोलीतली गटारे शेवटी पाताळगंगेलाच मिळतात.

काम संपल्यावर चावी लावण्यापूर्वी पेडल टणक लागेपर्यंत पंप करावे. मागे ढकललेला पिस्टन डिस्कपासून दूर असतो, त्यामुळे पहिल्या दाबाला पेडल थेट तळाला जाते. ही गोष्ट अंगणात लक्षात यावी, रस्त्यावर नव्हे. नंतर पेडल जोराने दाबून मिनिटभर धरावे आणि कॅलिपर, बोल्ट, निपल कोरडे आहेत याची खात्री करावी. फेरी मोकळ्या रस्त्यावर, सावकाश. दुसऱ्या दिवशी टाकीची पातळी पुन्हा पाहावी. ती किंचितही उतरली असेल तर गाडी जागची हलवू नये.

घाटाची पहिली फेरी पुण्याहून खोपोलीकडे करण्याऐवजी आधी वर जाऊन करावी, म्हणजे उतारापूर्वी दोन्ही चाके तपासता येतात. उतारावर दुसरा-तिसरा गियर ठेवावा. पेट्रोल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये उतरणारे अजूनही भेटतात. इंजिन बंद झाल्यावर ब्रेकला मिळणारी व्हॅक्युमची मदत दोन-तीन दाबांत संपते आणि तेच पेडल दगडासारखे होते. खोपोलीत पोचल्यावर गाडी बाजूला घेऊन दोन्ही पुढच्या रिमजवळ तळहात धरून पाहावा. डावे आणि उजवे सारखेच तापलेले असतील, तर किट कामी आले आहे.