पाटस ते पाबळ : मस्तानी प्रकरण आणि शाहू महाराजांचा सल्ला

दौंड तालुक्यातील पाटस. नोव्हेंबर १७३९. थोरले बाजीराव येथे मुक्कामास आहेत आणि मस्तानी पुण्यात पहाऱ्यात आहे. अशात एके दिवशी पहारा चुकवून ती शनिवारवाड्यातून निसटते आणि सुमारे साठ किलोमीटरचे अंतर कापून थेट पाटस गाठते.

हे नाते आता संपले पाहिजे, हा निर्णय घरच्यांनी घेतला होता. त्यांत मातोश्री राधाबाई होत्या, त्याच वर्षी वसई जिंकून आलेले चिमाजीअप्पा होते आणि एकोणिशीही न गाठलेले चिरंजीव नानासाहेब होते. त्यांना निव्वळ खलनायक ठरवणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. रघुनाथरावांची मुंज आणि सदाशिवरावांचे लग्न तोंडावर आले होते, ब्रह्मवृंद अडून बसला होता, आणि बाजीरावांच्या प्रकृतीची काळजीही खरी होती. अखेर पाटसला माणसे धाडून बाजीरावांची मनधरणी झाली. मस्तानीला पुण्यास परतावे लागले.

प्रकरण साताऱ्यास गेले. गोविंदराव चिटणीसांनी जानेवारी १७४० मध्ये छत्रपती शाहूंचे मत पुण्यास कळवले. त्याचा आशय असा : मस्तानीला कैदेत घालून रावांचे मन दुखवू नये, हा संबंध सुटायचा तर रावांच्या स्वतःच्या इच्छेनेच सुटेल, बळजोरीने नाही. त्या काळच्या राजाकडून असा सल्ला यावा, याचे आजही नवल वाटते. मात्र याही पत्रात प्रश्न रावांच्या इच्छेचाच आहे. मस्तानीची इच्छा कोणी विचारली नव्हती. तिने ती पाटसपर्यंतच्या वाटेवर सांगितलीच होती.

सल्ला मानला गेला नाही. जानेवारीअखेर, बाजीराव नासिरजंगावरील मोहिमेत गुंतलेले असताना, मस्तानीला पुन्हा कैद झाली. मार्चमध्ये चिमाजीअप्पांचाच निश्चय डळमळला. रावांचे चित्त थाऱ्यावर नाही, पुण्यास पोहोचताच तिला त्यांच्याकडे पाठवतो, अशा अर्थाचे त्यांनी नानासाहेबांना लिहिले.

तेवढा अवधी उरला नव्हता. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडी येथे बाजीरावांचा मृत्यू झाला. पाठोपाठ मस्तानीही गेली. पोरका झालेला त्यांचा मुलगा समशेरबहाद्दर पुढे पेशव्यांच्याच घरात वाढला आणि १७६१ मध्ये पानिपतावर त्यांच्याच बाजूने लढताना घायाळ होऊन मरण पावला.

मस्तानीचे दफन शिरूर तालुक्यातील पाबळ येथे झाले. हे गाव बाजीरावांनी तिला इनाम दिले होते. तिच्या त्या जागेला कोणी कबर म्हणतात, कोणी समाधी.