मोलेसरशास्त्र्यांचं आडनाव

इंग्लंडात हंटिंग्डन शहराच्या पश्चिमेला मोल्सवर्थ नावाचं लहानसं गाव आहे. नॉर्मन राजा विल्यमनं १०८६ साली मुलखाची मोजदाद करवली, त्या डूम्सडे बुकात हे गाव नोंदलेलं आहे. 'वर्थ' म्हणजे जुन्या इंग्रजीत कुंपण घातलेली वस्ती, आणि 'मूल' हे त्या काळचं पुरुषाचं नाव. सातव्या शतकात केंटच्या एका राजाचंही हेच नाव होतं. म्हणजे मूल नावाच्या कुणाची तरी ही वाडी. पुढे गावचा धनी 'मोल्सवर्थचा अमुक' म्हणून ओळखला जाऊ लागला. आपण गावापुढे 'कर' लावतो, तसं तिकडे गावाच्या नावाआधी 'द' लागे. काळाच्या ओघात 'द' गळाला आणि गावाचं नाव तेवढं कुळाला चिकटून राहिलं.

हे आडनाव मी पहिल्यांदा ऐकलं ते आजोबांच्या तोंडून. ते वाईला मास्तर होते. कुठला शब्द अडला की म्हणत, "मोलेसर काढ." म्हणजे मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश: जाडजूड, पिवळी पडलेली पानं, कण्याला खळ लावून चिकटवलेलं कापड. मोलेसर म्हणजे आमच्या वाईचाच कुणी शास्त्री असणार, असं आम्हां पोरांना वाटे. जेवणं झाली की आजोबा त्याची गोष्ट सांगत. सोळाव्या वर्षी कंपनीच्या फौजेत आलेला पोरगा, त्याला मराठीचा कसा ध्यास लागला, आणि पुण्यातली माणसं त्याला मोलेसरशास्त्री कशी म्हणू लागली. मात्र एक वाक्य आजोबा कधीही गाळत नसत: "तो एकटा नव्हता रे, आपले शास्त्री त्याच्या शेजारी बसलेले होते."

पुढे मी त्या आडनावाचा माग काढला, तेव्हा कळलं की मोल्सवर्थांच्या घरातही अशाच कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. पहिली धर्मयुद्धाची. सर वॉल्टर द मोल्सवर्थ तेराव्या शतकात राजपुत्र एडवर्डबरोबर पवित्र भूमीला गेला, असं उमरावांच्या वंशावळींत मोठ्या अभिमानानं छापलेलं असतं. दुसरी, आयर्लंडच्या शाखेतली, घोड्याची. १७०६ साली रामिलीच्या लढाईत सेनापती ड्यूक ऑफ मार्लबरो घोड्यावरून खाली आला. शत्रूचे स्वार अंगावर येत होते. त्याच्या तैनातीतल्या तरुण रिचर्ड मोल्सवर्थनं आपला घोडा त्याला दिला आणि धन्याचा जीव वाचवला. याच रिचर्डचे वडील रॉबर्ट डेन्मार्कला इंग्लंडचे वकील होते. एका देशानं आपलं स्वातंत्र्य राजाच्या हाती कसं देऊन टाकलं, हे त्यांनी १६९४ साली पुस्तक लिहून सांगितलं. १७१६ मध्ये ते व्हायकाउंट झाले. डब्लिनमध्ये मोल्सवर्थ स्ट्रीट आजही आहे.

या कथा अभिमानाच्या आहेत, पण मला अस्वस्थ करते ती रिचर्डची लेक मेरी. १७३६ साली तिचं लग्न रॉबर्ट रॉचफर्ट या उमरावाशी झालं. काही वर्षांनी दिराशी संबंध असल्याचा आळ घेऊन नवऱ्यानं तिला गॉल्स्टाउनच्या वाड्यात कोंडलं. एकदा ती निसटून डब्लिनला बापाच्या दारी गेली, तर बापानं तिला घरात घेतलं नाही, असं तिकडे सांगतात. रणात परक्यासाठी घोडा देणारा हाच तो माणूस! मेरी कोंडवाड्यातून सुटली ती १७७४ मध्ये, नवरा मेल्यावर. सुमारे तीस वर्षं गेली होती.

कॉर्नवॉलच्या शाखेतल्या अभिमानालाही अशीच काळी बाजू आहे. तिथल्या घराण्याला १६८९ साली बॅरोनेट ही पदवी मिळाली ती हेंडर मोल्सवर्थमुळे. हेंडर जमैकाचा कारभार पाहत होता, आणि गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीचा तिथला अडत्याही होता. जहाजांतून आणून विकलेल्या माणसांच्या जिवावर त्याचं वैभव उभं राहिलं. त्याच घराण्यातल्या सर विल्यमनं एकोणिसाव्या शतकात कैद्यांना ऑस्ट्रेलियाला हद्दपार करण्याविरुद्ध पार्लमेंटात झुंज दिली, हेही तितक्याच ठळकपणे सांगायला हवं.

आजोबांचे मोलेसर म्हणजे जेम्स टॉमस मोल्सवर्थ. जॉर्ज आणि टॉमस कँडी हे जुळे भाऊ आणि मराठी शास्त्रीमंडळी यांच्या सोबतीनं त्यांनी १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश काढला, आणि तो वाढवून १८५७ साली दुसरी आवृत्ती दिली. त्यात साठ हजारांच्या घरात शब्द आहेत. शिष्टांच्या बोलीबरोबर कुणबी, कोळी, सुतार, बायाबापड्या यांचे शब्दही त्यात आले. या आडनावाच्या साऱ्या पराक्रमांत मला हा सर्वांत मोठा वाटतो. त्यासाठी कुणाला मारावं लागलं नाही, कुणाला कोंडावं लागलं नाही.

आणि तरीही त्याची कथा आजोबा सांगत तशीच सांगायला हवी, शेजारी बसलेल्या शास्त्र्यांसकट. तुमच्या घरातल्या थोरांकडून तुमच्या आडनावाची गोष्ट ऐकायला बसाल, तेव्हा कुणी किल्ला राखला, कुणाला इनाम मिळालं, हे जरूर ऐका. मग त्या घरातल्या लेकीसुनांचं काय झालं आणि इनामाच्या जमिनीत कोण राबत होतं, हेही विचारा. सांगणारी माणसं आहेत तोवरच विचारा.