हुला सरोवराचा जमाखर्च

गालील सरोवराच्या उत्तरेस, जॉर्डन नदीच्या वाटेवर, हुला नावाचे एक उथळ सरोवर होते. भोवतालची दलदल धरून त्याचा विस्तार सुमारे 60 चौरस किलोमीटर भरे. दलदलीत पपायरस माजलेला असे. आपल्याकडील लव्हाळ्याचाच हा उंच भाऊबंद. त्याच्या चटया विणून आणि म्हशी पाळून घवारना या नावाने ओळखले जाणारे अरब तेथे गुजराण करीत. हिवतापाने त्यांच्या पिढ्या पोखरल्या हे खरे. परंतु त्यांचा संसार उभा होता तोही त्याच दलदलीवर. 1948 च्या युद्धात त्यांतील बहुतेक विस्थापित झाले. सरोवर आटविले गेले तेव्हा त्याचे सर्वांत जवळचे शेजारी तेथे उरलेच नव्हते, ही गोष्ट या कामाच्या गौरवगाथांतून बहुधा गळलेली आढळते.

इस्रायलने 1951 साली काम सुरू केले. निर्लष्करी पट्ट्यातील अरबांच्या जमिनींवर काम चालले आहे, अशी सीरियाची तक्रार होती. चकमकी झडल्या आणि प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीपुढे गेले. अखेर 1958 मध्ये सरोवर कोरडे झाले. हिवतापाचे निर्मूलन आणि नवी शेतजमीन ही कारणे सांगितली जात. पैकी पहिल्याचा जोर डीडीटीच्या फवारणीने 1940 च्या दशकातच ओसरला होता. राहिली जमीन. नवजात राष्ट्राला तिची ओढ वाटावी हे स्वाभाविकच. पण ती जमीन कशाची बनली आहे, याचा विचार मात्र अपुरा पडला.

ती होती पीट, म्हणजे शतकानुशतके पाण्याखाली अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची काळी माती. पाणी हटताच तिला हवा लागली आणि ती झिजू लागली. जमीन खचली, वाऱ्याबरोबर काळी धूळ उडू लागली, भूमीच्या पोटात आगी धुमसू लागल्या. मातीतून सुटलेली नायट्रेट द्रव्ये जॉर्डनवाटे गालील सरोवरात, म्हणजे देशाच्या पिण्याच्या पाण्यात, उतरू लागली. पूर्वी हीच दलदल ते पाणी गाळून पुढे सोडीत असे! जी शेते मोठ्या आशेने आखली गेली, त्यांतील काही पुढे ओसाड पडली.

प्राणिशास्त्रज्ञ हाइनरिख मेंडेलसन यांच्यासारख्यांनी वेळीच विरोध केला होता. त्या चळवळीतून 1953 मध्ये निसर्गसंरक्षणाची संस्था निघाली आणि 1964 मध्ये दलदलीचा एक लहानसा तुकडा अभयारण्य म्हणून राखला गेला. काही मासे मात्र कायमचे नाहीसे झाले. 1994 मध्ये खचलेल्या जमिनीच्या एका भागात पुन्हा पाणी सोडण्यात आले. तेथे आता हिवाळ्यात हजारो क्रौंच उतरतात. घवारनांच्या वस्त्या परतल्या नाहीत.

काळ्या पोटाचा हुला बेडूक 1955 नंतर दिसला नव्हता, आणि 1996 मध्ये तो नामशेष झाल्याचे जाहीर झाले. 2011 मध्ये त्याच अभयारण्यात तो जिवंत सापडला. त्याची पुन्हा तपासणी झाली तेव्हा, 2013 मध्ये, असे निष्पन्न झाले की ज्या प्रजातीसमूहाचा तो वंशज, तो समूह तोवर केवळ जीवाश्मांवरूनच ठाऊक होता.